मुडद्यानं दिलेला सूर

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेला होता.

नांदेडातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या नाटकाची तालीम होती. बाकं एकावर एक चढवून भिंतीला लावलेली, मधे सतरंजी, आणि सतरंजीवर पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी लांबलचक आडवं पडलेलं. मी मुदखेडच्या शाळेत शिकवायचे. शाळा सुटल्यावर रेल्वेनं नांदेड गाठून धापा टाकत तालमीला पोचले होते. आमचे दिग्दर्शक म्हणाले, "बाई, हा तुमचा मुलगा. पुरात बुडालाय. बसा आणि रडा." मी बसले आणि रडायला लागले. तेवढ्यात चादरीखालून आवाज आला, "माय, जरा थांबा. सर, तो वरचा पंखा बंद करता का? बेसूर फिरून राहिला."

दिग्दर्शकांनी पंखा बंद केला नाही. उन्हाळ्याचे दिवस होते. तालीमभर तो मुडदा कपाळाला आठ्या घालून पडून राहिला.

मी त्याच्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी असेन. पण त्या दिवसापासून तो मला माय म्हणायला लागला ते त्यानं अजून सोडलेलं नाही. आता त्याच्या नावाचे फलक लागतात. लातूर-नांदेडात त्याचं गाण्याचं नाटक आहे म्हटलं की खुर्च्या पुरत नाहीत. प्रयोग झाल्यावर लोकांच्या गराड्यातून तो लांबूनच हाक मारतो, "माय, चहा घेऊन जा." मग सगळे माझ्याकडे वळून बघतात आणि मनातल्या मनात माझं वय मोजायला लागतात.

मंडळात त्याला सगळे 'मुडदा' म्हणायचे. आमच्याकडे लाडानं शिवी द्यायची तरी 'मुडद्या' म्हणतात, त्यामुळे ते नाव पटकन बसलं. त्याच्या घरी मात्र ते कुणाला आवडायचं नाही. इतवाऱ्यात त्यांचं शिवणकामाचं पिढीजात दुकान. वडील, एक चुलते आणि हा, असे तिघं तीन मशिनींवर बसायचे. लग्नसराईत शेरवान्या, एरवी शाळेचे गणवेश आणि पँटी आखूड करणं. त्याचे अब्बा मला एकदा म्हणाले होते, "बाई, घरात जिताजागता पोरगा हाय अन् लोक रस्त्यानं मुडद्या म्हणून हाका मारतात. त्याची अम्मी दचकती."

ह्याला कानाचा आजारच होता म्हणायला हरकत नाही. म्हणजे कान नको इतका चांगला होता. कुठलाही आवाज त्याला नुसता आवाज म्हणून ऐकूच यायचा नाही. अब्बांची मशीन पेटीच्या काळी एक पट्टीत चालते, चाचांची तिच्यापेक्षा जराशी उतरलेली, आणि दोन्ही एकदम चालू झाल्या की त्याच्या दातांना झिणझिण्या येतात, हे त्यानं मला अगदी दुखणं सांगावं तसं सांगितलं होतं. इडलीवाल्याचा भोंगा, कुकरची शिट्टी, मालट्रक मागं घेताना वाजणारं ते गाणं, सगळ्यांशी त्याचं भांडण. एकदा आम्ही बसनं लातूरला निघालो होतो. लोह्याला बस थांबल्यावर हा उतरला आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन अदबीनं म्हणाला, "मामा, हॉर्न जरा उतरलाय तुमचा."

ड्रायव्हर म्हणाला, "ब्रेकबी उतरलाय. बसायचं तर बस."

तो येऊन बसला. पुढं लातूरपर्यंत दर वेळी हॉर्न वाजला की डोळे मिटून घ्यायचा.

गळ्याची निगा मात्र अजिबात नाही. गाणारी माणसं दही टाळतात, मफलर गुंडाळतात. हा प्रयोगाच्या तासभर आधी मिरचीची भजी खायचा, तीही वर तळलेली मिरची घेऊन. मी ओरडले की म्हणायचा, "गळ्याचे लाड केले तर गळा डोक्यावर बसतो, माय." नक्कल, म्हणजे नाटकातली आपली वाक्यं, पाठ करायची ती मशीनवर, पायडलच्या ठेक्यात. त्यामुळं नाटकात कधी वाक्य विसरला की त्याचा उजवा पाय आपोआप खालीवर व्हायला लागतो. त्याच्याबरोबर काम करणारे अजूनही आधी त्याच्या पायाकडं बघतात.

आणि एक म्हणणं त्याचं ठरलेलं. कुणी नवं गाणं बसवलं की विचारायचा, "पाण्यातून काढलं का?" नवं कापड धुतल्यावर आटतं, तसं नवं गाणं लोकांसमोर आटतं असं त्याचं मत. तालमीत भरपूर वाटलेलं गाणं प्रयोगात आखूड होतं. "म्हणून जरा ढिलं शिवायचं. जागेवर आवळता येतं, वाढवता येत न्हाई." मी पुढं बऱ्याच शिकलेल्या गायकांना ऐकलं, पण याहून कामाचं कुणी काही सांगितलं नाही.

आता त्या नाटकाविषयी सांगते. ते आमच्या दिग्दर्शकांनीच लिहिलं होतं. गोदावरीकाठचा एक नावाडी. पूर आलाय, पोरगा सापडत नाही, आणि बाप दोन अंक नाव घेऊन त्याला शोधत फिरतो. तिसऱ्या अंकात पोरगा सापडतो तो असा चादरीखाली. माझं काम पोराच्या आईचं. बापाचं काम बुवांचं.

बुवा म्हणजे अर्धापूरचे केळीचे बागायतदार. साठी ओलांडलेली, पण अंगानं ताठ. भजनातून नाटकात आले आणि आमच्या भागात तीस-पस्तीस वर्षं गायले. त्यांच्या नावावर गावोगावचे प्रयोग मिळायचे. तालमीला येताना केळीचा घड घेऊन यायचे आणि प्रत्येकाला खाल्ल्याशिवाय सोडायचे नाहीत. शेवटच्या अंकात ते पोराच्या छातीवर कपाळ टेकवून गायचे, "काठ आला रे लेकरा, वल्हं आता खाली ठेव." ते गाणं ऐकायलाच माणसं यायची.

पहिला प्रयोग लोह्याला झाला. जत्रेतला मांडव, समोर बायाबापड्या, मागं उभी माणसं. दोन अंक ठीक गेले. ठीक म्हणजे, बुवांचं गाणं पेटीपासून जरा बाजूला जात होतं, पण मांडवातल्या गलक्यात ते खपून गेलं. तिसऱ्या अंकात बुवांनी कपाळ टेकवलं आणि गाणं उचललं, ते सरळ खालच्या सुरावर. पेटीवाल्यानं दोनदा सूर दाबून दाखवला. बुवांना कळलंच नाही. मी शेजारी बसून रडत होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि मग मुडदा गुणगुणला.

चादरीखालून, मिटल्या ओठांनी, नाकातून बारीक पण पक्का सा. त्याला तरी काय दोष द्यायचा. त्याला पंखा सहन होत नव्हता, इथं तर छातीवर माणूस बेसूर गात होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं ते ऐकलं आणि ती किंचाळली, "अगं बया, मेलेला कण्हतोय." झालं, सगळा मांडव हसायला लागला. पोरं उभी राहून टाळ्या पिटायला लागली. त्या हसण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला जवळून स्पष्ट ऐकू आलं. बुवा त्या साबरोबर वर आले होते. उरलेलं सगळं गाणं ते अगदी नेमक्या सुरात गायले.

पडदा पडल्याबरोबर दिग्दर्शकांनी त्याला मंडळातून काढून टाकलं. तो चादर घडी करत ऐकत राहिला. फक्त एवढं म्हणाला, "सर, मी मुद्दाम न्हाई केलं. आपोआप निघालं."

रविवारी सकाळी तो माझ्या दारात उभा. "माय, अर्धापूरला चला. बुवांची माफी मागायची हाय. एकटा गेलो तर केळीच्या आळ्यात गाडतील मला."

आम्ही गेलो. बुवा बागेत होते, पाठमोरे, वाळलेली पानं कापत होते. हा त्यांच्या मागं उभा राहिला आणि पाठ करून आणलेली माफी म्हणायला लागला. बुवा वळले नाहीत. ह्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हटली. बुवा विळा चालवतच राहिले. मला वाटलं, राग अजून उतरलेला नाही. ह्याच्या मात्र लक्षात आलं. तो वळसा घालून बुवांच्या समोर गेला आणि नुसते हात जोडले.

बुवा दचकले. "कधी आलास रे?"

मग त्यांनी आम्हाला बांधावर बसवलं आणि कुणालाच न सांगितलेलं आम्हाला सांगितलं. दोन वर्षांपासून कान जात होते; समोरच्याचे ओठ बघून ते निभावून न्यायचे. "डॉक्टर म्हणतो, कानातली बारीक हाडं आखडली. यंत्र दिलंय त्यानं." त्यांनी खिशातून ते यंत्र काढून दाखवलं. "ह्याच्यातून पेटी मिक्सरसारखी वाजती. तबला पत्र्यावानी. ते लावून गाण्यापरीस न लावलेलं बरं. सवयीनं गात व्हतो. आता सवयबी सरकली."

त्यांनी यंत्र परत खिशात टाकलं. मग बुवा त्याला म्हणाले, "तू लोह्याला सूर दिलास का न्हाई?"

"हाव. चुकलं माझं."

"माझं कपाळ तुझ्या छातीवर व्हतं. हाडातून आला तो सूर. स्वच्छ. दोन वर्षांत मला सा ऐकू आला तो त्या दिवशी." ते विळ्याला चिकटलेलं पान काढत म्हणाले, "लोक हसत व्हते म्हणं. मला ते काही ऐकू आलं न्हाई. मला सा ऐकू येत व्हता."

तो बांधावरून उतरून बुवांच्या समोर बसला. मग म्हणाला, "जरा हळू दिला तर चालंल का बुवा? लोकांना जाणार न्हाई, फक्त तुम्हाला जाईल, असा?"

"देऊन तर बघ."

दुसऱ्या दिवशी बुवांनी दिग्दर्शकांना सांगून टाकलं, मुडदा तोच पाहिजे, नाहीतर मी नाही. दिग्दर्शकांना कारण कळेना, पण बुवांवाचून प्रयोग मिळत नव्हते.

पुढची दोन वर्षं आम्ही तिघांनी जो उद्योग केला तो आठवला की आजही मला हसू येतं. गुणगुणायला श्वास लागतो. श्वास घेतला की छाती हलते. मुडद्याची छाती हलून चालत नाही. तो दुकानात मशीनमागं जमिनीवर पडून पाठीनं श्वास घ्यायला शिकला. पोटावर कात्री ठेवायचा, ती हलता कामा नये. तरी मोठ्या तानेआधी श्वास लागायचाच. तिथं मी कामाला यायचे. त्याला श्वास घ्यायचा असेल तेव्हा तो चादरीखालून माझ्या हाताला बोट लावायचा आणि मी "माझ्या राजा" म्हणून त्याच्या अंगावर पडायचे. माझ्या आक्रोशाखाली तो छाती भरून घ्यायचा. तो श्वास घ्यायचा तेव्हा मी रडायचे, असं ते गणित होतं. एका स्थानिक वर्तमानपत्रात माझ्याबद्दल छापून आलं, की आईचा शोक अत्यंत संयत आणि लयीत आहे. तो कागद दाखवून तो म्हणाला, "बघा माय, माझ्या फुफ्फुसाची तारीफ आली."

बुवा पुन्हा पहिल्यासारखे गायला लागले, निदान तिसऱ्या अंकात तरी. देगलूर, मुखेड, उदगीर, जिथं गेलो तिथं शेवटच्या गाण्याला लोक डोळे पुसायचे. आणि बुवांना हार घालताना हा कोपऱ्यात चादर झटकत उभा असायचा. नाटकात दोन वर्षं काम करून प्रेक्षकांनी त्याचा चेहरासुद्धा धड पाहिला नव्हता.

त्याला स्वतःला गायचं नव्हतं का? एकदा दिग्दर्शक पँट आखूड करायला त्याच्या दुकानात गेले. हा आत मशीनवर बसून बुवांची सगळी गाणी एकामागून एक म्हणत होता. दिग्दर्शक बाहेर उभे राहून ऐकत राहिले आणि पँट न देताच परत आले. संध्याकाळी हॉलच्या पायऱ्यांवर त्यांनी त्याला गाठलं. मी तिथंच होते.

"सरळ विचारतो. पुढच्या महिन्यात लातूरला स्पर्धा आहे. बापाचं काम तू करशील?"

"न्हाई सर."

"का?"

"बुवा हायत ना."

"बुवा थकलेत. पहिल्या अंकात पेटी एकीकडं, ते एकीकडं. तिसऱ्यात काय जादू होते मला माहीत नाही, पण पहिला अंक बुडतोय. तुला काय जन्मभर चादरीखाली राहायचंय?"

तो म्हणाला, "पहिल्या अंकाचं मी बघतो, सर. मला आठ दिवस द्या."

दिग्दर्शक गेल्यावर मी त्याला विचारलं, "तुला करावंसं वाटत नाही?"

"लई वाटतं. रोज दुकानात करून राहिलो की."

"मग?"

"मंग काय, माय. मला वाटतं म्हणून माणसाच्या अंगावरचा सदरा काढून घेऊ का?"

पहिल्या अंकाचं त्यानं जे केलं ते ऐकून कुणी विश्वास ठेवत नाही. त्या अंकात, आणि दुसऱ्यातही, बुवा लाकडी नावेत उभे राहून गायचे. तो कुणाला न सांगता, कुणाला दिसणार नाही असा, त्या नावेच्या तळाशी जाऊन झोपला. वल्ह्याचं वरचं टोक बुवांनी थकल्यासारखं हनुवटीला टेकवायचं, खालचं टोक नावेत, ह्याच्या दातांत. तिथून तो सूर द्यायचा आणि लाकडातून तो बुवांच्या जबड्यात चढायचा. पहिल्या दिवशी तालमीत बुवांचा चेहरा असा उजळला, की दिग्दर्शकांना वाटलं बुवांना भूमिका आत्ता सापडली. ह्याचा मात्र पुढचा दात हलायला लागला तो कायमचा.

लातूरला आमचा प्रयोग दुपारचा होता. हॉल निम्मा भरलेला, पुढं परीक्षक. पहिला अंक उत्तम गेला. तिसऱ्यात बुवांनी कपाळ टेकवलं, ह्यानं सूर दिला, गाणं सुरू झालं. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. शेवटचं कडवं राहिलं होतं. तेवढ्यात बुवांनी डोकं वर उचललं.

असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. डोकं उचललं म्हणजे सूर गेला. मी त्यांच्याकडं बघितलं. ते चादरीवरून त्याच्या केसांवर हात फिरवत होते. मग नाटकात नसलेलं वाक्य ते नावाड्याच्या आवाजात बोलले.

"पोरा, मला काही ऐकू येईना झालंय. पुढचं तू म्हण."

हॉलला ते बापाचं दुःख वाटलं. आम्हा तिघांना काय वाटलं ते आम्हालाच ठाऊक. तबला थांबला. पेटीवाल्यानं एक सूर तेवढा धरून ठेवला. चादरीखालून माझ्या हाताला बोट लागलं, म्हणजे त्याला श्वास हवा होता, मी रडायला हवं होतं. पण मला रडणं सुचलंच नाही. मग त्यानं सगळ्यांसमोर छाती भरून श्वास घेतला. चादर वर आली ती अख्ख्या हॉलनं पाहिली. आणि तो गायला.

"काठ आला रे लेकरा." दुकानातल्या मशिनीमागं दडपलेला तो आवाज पहिल्यांदाच मोकळ्या हॉलमध्ये सुटला होता. घाई नव्हती, गळ्याच्या हरकती नव्हत्या. चेहरा झाकलेलाच. कुणी हसलं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. कडवं संपलं तेव्हा पडदा ओढणारा पडदा ओढायचं विसरला होता. बुवांनीच त्याला हातानं खूण केली.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, शव गाऊ लागते हे नाट्यदृष्ट्या पटत नाही. दिग्दर्शक त्यांच्याशी वाद घालत बसले. पण बाहेर येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता, चादरीखाली कोण होतं?

आतल्या खोलीत तो चादर अंगाभोवती गुंडाळून बसला होता. बुवा आरशासमोर मिशी काढत होते. त्यानं मागून विचारलं, मग लक्षात आल्यावर उठून समोर जाऊन विचारलं, "बुवा, असं का केलं? माझं चुकलं असतं तर?"

बुवा त्याच्या ओठांकडं बघत होते. म्हणाले, "दोन वर्षं तुझा सूर माझ्या हाडात येतोय. पण तू गातोस कसा, ते मी कधी ऐकलं न्हाई. आजबी न्हाई ऐकलं. म्हटलं, निदान लोकांनी तरी ऐकावं."

त्यानंतर बुवा नाटकात उभे राहिले नाहीत. पंधरा दिवसांनी ते इतवाऱ्यात दुकानावर आले. हातात पिशवी. तिच्यातून त्यांनी नावाड्याचा तो सदरा काढला आणि अब्बांच्या टेबलावर ठेवला. मी पडद्याचं कापड शिवायला टाकायला गेले होते, म्हणून मला हे बघायला मिळालं.

"ह्याच्या मापात करून द्या," बुवा म्हणाले.

अब्बांनी सदरा उलटापालटा करून पाहिला. ते नाटकाचे कधीच भोक्ते नव्हते. "हा पोरगा दुकानात कमी अन् मुडद्यात जास्ती," ते पुटपुटले. मग बुवांना ऐकू येत नाही हे आठवून त्यांनी टेप गळ्यातून काढली, मुलाला हातानं समोर उभं केलं आणि न बोलता त्याचे खांदे मोजले. सदरा त्यांनी स्वतः उसवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मुलगा म्हणाला, "अब्बा, मी करतो ना." तर म्हणाले, "आपलं माप आपल्याला घेता येत न्हाई."

बापाच्या भूमिकेतला त्याचा पहिला प्रयोग नांदेडला झाला. हॉल भरला होता. लातूरची गोष्ट तोवर सगळीकडं पसरली होती. तो कसा गायला ते मी सांगायला नको, तेव्हापासून लोक सांगतातच आहेत. बुवा मधल्या रांगेत बसले होते, ठेवलेली पुढची खुर्ची नको म्हणून. त्यांचं उरलंसुरलं ऐकणंही तोवर गेलं होतं.

पडदा पडला आणि रंगमंचावर गर्दी झाली. हार, फोटो, मोबाइल. दिग्दर्शक त्याला मिठी मारत होते. तो सगळ्यांना बाजूला सारत बुवांजवळ आला. समोर उभा राहिला.

बुवा म्हणाले, "आवाज कसा लागला ते मला काय कळणार? पण माझ्या शेजारचा माणूस रडून राहिला व्हता. तेवढं दिसलं."

"कोण व्हता?" त्यानं ओठ मोठे हलवून विचारलं.

"वळखीचा न्हाई. गेला तो, आत्ताच."

तो तसाच हॉलच्या बाहेरच्या पायऱ्या उतरला. मी मागून हाक मारली, फोटोसाठी सगळे खोळंबले होते. त्यानं ऐकलं नाही. दारात जाऊन बघते तर तो फाटकापाशी उभा होता, तोंडाला रंग, चिकटवलेली मिशी, अंगात तो सदरा. स्कूटर काढणारी, पोरांना उचलून घेणारी, पान लावून घेणारी माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडत होती. कुणी थांबून छान गायलात म्हणत होतं, त्याला तो मान हलवत होता. पण बघत होता प्रत्येकाच्या डोळ्यांकडं, एकेकाच्या, अगदी शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत.